वालाचा मूकपट

मी एकदा एका चित्रपटाचा नायक खाल्ला आहे. नारळाच्या रसात शिजवलेला, आमसूल घातलेला, वर कोथिंबीर. दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी मागितली आणि बोटं चाटता चाटता विचारलं, "ताई, माझा नायक कुठं ठेवलास गो?"

पण हे मधूनच सुरू झालं. आम्हा नाटकवाल्यांची ही खोडच, पडदा वर जायच्या आत स्टेजवर येतो. पहिल्यापासून सांगतो.

पेणला माझं दुकान आहे. नाटकाचे कपडे आणि रंगभूषेचं सामान भाड्याने देतो. शाळांच्या गॅदरिंगचे दिवस आले की माझ्याकडून राजे, राक्षस, वाघ, पोस्टमन आणि डझनभर पऱ्या एकाच टेम्पोतून रवाना होतात. मिशांचा डबा मात्र मी कुणाच्या हाती देत नाही. गेलेली मिशी परत येत नाही, असा माझा अनुभव आहे.

या धंद्याला जोडून माझा एक एकपात्री खेळ आहे. आपल्याकडे मूकपट सुरू करणारे जे गृहस्थ होते, त्यांचा वेष करून मी शाळाशाळांतून त्यांची गोष्ट सांगतो. नाव शेवटपर्यंत घेत नाही, पोरं आधीच ओरडून सांगतात. काळा कोट, टोपी, जाड मिशी आणि हातात खोक्याचा कॅमेरा, त्याला शिवणयंत्राचं हँडल. मी हँडल फिरवायला लागलो की पहिल्या रांगेतली मुलं आपोआप केस सारखे करतात.

या खेळात सगळं येतं. बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार होईनात म्हणून बाप्यांना नेसवलेली लुगडी येतात. अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणारी, उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून उभी राहणारी आणि वर सगळ्या कंपूचा स्वयंपाक करणारी त्यांची बायको येते. जागून जागून त्यांचे डोळे जायची वेळ आली, तेही येतं. पण मुलांना सगळ्यांत आवडतो तो वाटाणा. या गृहस्थांनी म्हणे कुंडीत एक वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्र घेतलं. महिना गेला. घरच्यांना वाटलं, डोकं फिरलं. मग सगळी चित्रं एकापाठोपाठ एक पडद्यावर धावली आणि लोकांनी बघितलं, की बसल्या जागी, डोळ्यांदेखत, दाण्यातून वेल उठतोय. पैसेवाल्यांचा विश्वास बसला तो त्या वाटाण्यामुळं. माणूस बोलून पटवता आला नाही, तर वाटाण्याला पुढं करावं. मी स्वतः इतका बोलतो, तरी हे मला मान्य आहे.

आता दाजी. माझी थोरली ताई रोह्याला दिलेली. दाजी म्हणजे तिचे यजमान. जन्मभर धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम केलं. निवृत्त झाले तरी अंगातली शिफ्ट गेली नाही. सकाळी सातला आणि दुपारी तीनला यांचा चहा. पाच मिनिटं मागंपुढं झाली तर "रिलीव्हर आला नाय का अजून?" म्हणून स्वयंपाकघराकडं बघत ओरडणार. दणदणीत आवाजाचा माणूस. हसले तर शेजारचे भाईजान त्यांच्या घरातून विचारायचे, "काय झालं ओ?"

गेल्या दिवाळीत हे दाजी स्टुलावर चढून आकाशकंदील लावायला गेले आणि कंदील वर राहिला, दाजी खाली आले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. टाके सुकल्यावर डॉक्टर म्हणाले, "सळई पक्की आहे. आता वॉकर धरून चालायचं. रोज. पुढचे दोन महिने असेच पडून काढलेत तर गुडघा आखडेल. मग पलंगच तुमचा, माझ्याकडं येऊ नका."

दाजी पहिल्याच दिवशी वॉकर धरून उठले. दोन पावलं टाकली, तोल गेला, ताईनं धरलं आणि दोघंही जमिनीवर बसले. दाजींना काही झालं नाही. ताईचं मनगट मुरगळलं. त्या दिवसापासून दाजींनी वॉकरला हात लावला नाही. मी गेलो तेव्हा तो बिचारा कोपऱ्यात उभा होता, एका दांडीवर टॉवेल आणि दुसरीवर दाजींची लुंगी वाळत घातलेली. दाजी छताकडं बघत पडलेले.

"कसं काय दाजी?"

"हं."

"दुखतंय का?"

"नाय."

संपलं. ज्या माणसाच्या बोलण्यात मला आजवर शिरायला फट मिळाली नव्हती, तो दोन शब्दांत आटोपला. ताई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "समजावून झालं, रागावून झालं. पोरगी फोनवर रडून झाली. भाईजान येऊन बसतात, ते पण थकले. उठतच नायत रे. असेच राहिले तर?"

मला त्या क्षणी शहाणपणाचं काही सुचायला हवं होतं. मला वाटाणा सुचला.

"दाजी," मी पलंगाशी जाऊन म्हटलं, "आपण एक मूकपट काढू या. तुम्ही छायाचित्रकार. कुंडीत वाटाणा लावायचा, रोज दोनदा फोटो घ्यायचा. पडल्या पडल्या होण्यासारखं काम आहे."

दाजींनी मान वळवली. बऱ्याच दिवसांनी एक अख्खं वाक्य बाहेर पडलं. "रोह्यात वाटाणा कोण लावतो रे? वाल लाव."

मी आनंदानं पेणला परतलो. पुढच्या खेपेला वाटेतल्या गडब गावात स्कूटर थांबवली आणि रस्त्याकडेला बसलेल्या बाईकडून कडवे वाल घेतले. "बियाण्याला हवेत का खायाला?" तिनं विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "सिनेमात काम करायला." तिनं मुकाट्यानं मूठभर जास्त घातले. वेड्यांना ती नेहमीच थोडं जास्त घालत असावी.

माझी योजना पद्धतशीर होती. वाल आधी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि त्यांतला सगळ्यांत तरतरीत, सरळ मोडाचा, चेहऱ्यानं देखणा दाणा नायक म्हणून निवडायचा. भिजवले, बांधले, फडकं ताईच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटकवलं आणि मी पेणला गेलो. ताईला फक्त एवढं सांगायचं राहिलं, की हे सिनेमाचे आहेत.

आता आमच्या भागातल्या बाईला घरात मोड आलेले वाल दिसले तर ती काय करील? कोणतीही बाई काय करील? तिनं ते कोमट पाण्यात टाकले, बसून एकेक सोलला, नारळाचा रस काढला आणि माझ्यासाठी बिरडं केलं. भाऊ येणार म्हणून मुद्दाम केलं. मीही हातपाय धुऊन बसलो आणि "अहाहा" करत दोन वाट्या संपवल्या. मग तो प्रश्न विचारला.

ताई खुंटीकडं बघायला लागली. मी ताटाकडं बघायला लागलो.

"ते... सिनेमाचे होते?"

"सगळे, ताई. नायक, त्याचा मित्र, खलनायक, सगळा कंपू."

आणि आतल्या खोलीतून आवाज आला. आधी वाटलं, खोकला आहे. मग तो वाढत गेला, पलंग करकरायला लागला, आणि दाजी हसले. असे हसले की कुंपणापलीकडून भाईजानांनी विचारलं, "काय झालं ओ?"

"मेव्हण्यानं हिरो खाल्ला ओ भाई!" दाजी आतूनच ओरडले. "डायरेक्टरनं हिरो खाल्ला!"

"हराम नाय ना पण?" भाईजानांनी विचारलं.

"नाय, वालाचा होता!"

ताई दारात उभी राहून हसत होती आणि रडतही होती. दाजी डोळे पुसत म्हणाले, "आण दुसरे. आता मी राखतो. तुम्हा भावाबहिणीच्या हाती वाल सुरक्षित नाय."

म्हणजे छायाचित्रकार कामावर रुजू झाला तो मी नायक खाल्ल्यामुळं. मूकपटाच्या इतिहासात याची नोंद व्हावी, असं माझं नम्र मत आहे.

दुसरा नायक दाजींनी स्वतः निवडला. चष्मा लावून, दाणे तळहातावर फिरवून, कंपनीत माल तपासावा तसा. कुंडीत पेरला. भाईजान कुवेतहून परतताना मोबाइल लावायचं तिकाटणं घेऊन आले होते, ते त्यांनी आणून दिलं. आता कॅमेरा आणि कुंडी यांतलं अंतर रोज तेच राहायला हवं, नाहीतर पडद्यावर वाल लहानमोठा होत राहणार. त्यावर उपाय म्हणून मी ताईचा भाऊबिजेचा पाट घेतला. पाटाच्या एका टोकाला कुंडी बसवली आणि दुसऱ्या टोकाला तिकाटणं घट्ट बांधलं. पाट कुठंही न्या, दोघांतलं अंतर हलणार नाही.

आणि पाट कुठंही नेता येतो, हे लक्षात आल्यावर माझ्या डोक्यात नाटक शिरलं.

ताईला मी मागच्या दारी गाठलं. "घरात लाद्या आहेत ना? रोज पहाटे पाट एक लादी पुढं सरकवायचा. एकच. पलंगापासून दाराकडं. विचारलं तर सांग, ऊन लागायला हवं."

ताई माझ्याकडं बघत राहिली. "तू लहानपणी पण असाच लबाड होतास," ती म्हणाली. आमच्या घरात याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

दाजींना मी वेगळा नियम सांगितला. फोटो काढणारा हात एकच हवा. आज याचा, उद्या त्याचा हात लागला की चित्र हलतं. त्या आद्य मूकपटकारांनी आपल्या कॅमेऱ्याचं हँडल दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं, असंही ठोकून दिलं. याला माझ्याकडं पुरावा नाही. पण त्या वेळी मी कोटात होतो, आणि कोटात असताना मी सांगतो ते दाजींना खरं वाटतं.

वेळा दाजींनीच ठरवल्या. सकाळी सात आणि दुपारी तीन. "रात्रीची शिफ्ट बंद," ते म्हणाले. "रातच्याला वाल झोपतो."

पहिले दोन दिवस पाट पलंगाला चिकटून होता, हात लांब केला की फोटो. कुंडीत नुसती माती. तिसऱ्या दिवशी पाट एक लादी लांब. दाजी कमरेतून वाकले. पाचव्या दिवशी माती फुगली, फुटली आणि वाकलेल्या मानेचा वाल वर आला. दाजींनी ताईला हाक मारून मारून घर डोक्यावर घेतलं. सहाव्या दिवशी हात पुरेना.

"अगो, हा पाट कसा सरकतो?"

"केर काढताना सरकला असेल."

"रोज?"

"केर रोज काढते मी. तुम्हाला माहीत नाय ते."

दाजी पलंगाच्या कडेला बसले. पाय खाली सोडले. तेवढ्यात तीन वाजायला आले. त्या दिवशी मी नेमका तिथं होतो. ताई आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड, एकावर एक डोकी ठेवून बघत होतो. दाजींनी घड्याळ बघितलं. वाल बघितला. मग खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी वॉकरवरचा टॉवेल काढला, लुंगी काढली, दोन्ही नीट घडी करून पलंगावर ठेवली, वॉकर ओढला आणि उभे राहिले. ताईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक पाऊल, दुसरं, तिसरं. फोटो निघाला. परत येऊन पलंगावर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाहेर या दोघं. दाराखालून चार पाय दिसतात."

पुढचे दिवस मजेत गेले. रोज एक लादी. वालाला पानं आली, दाजींना रंग आला. दुकानात असलो तरी तीनच्या ठोक्याला फोन यायचा, "निघाला फोटो. आज कपाटापर्यंत." मी वालाची चौकशी करायचो, ते पायाचं सांगायचे, आणि दोघंही वालाबद्दल बोलतोय असंच दाखवायचो. पेणमधल्या माझ्या गिऱ्हाइकांना वाटायला लागलं, मी शेती घेतली.

मग पाट उंबरठ्याशी पोचला.

जुन्या पद्धतीचा, वीतभर उंच उंबरठा. त्याच्यावरून पाय उचलून टाकायला हवा. पाट पलीकडं ओटीवर. त्या दिवशी तीनचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. "पलंगावर पडलेत रे. वॉकरवर टॉवेल टाकलाय परत. पाट आत आणू का?"

"आणू नकोस. मी येतोय."

मी त्या वेळी वडखळजवळच्या शाळेत खेळ संपवून बाहेर पडत होतो. कपडे बदलायला थांबलो नाही. काळा कोट, मिशी, टोपीवर हेल्मेट, असा स्कूटरवर नागोठण्यावरून रोह्यात शिरलो. वाटेत एका ट्रकवाल्यानं मला नमस्कार केला. कोण समजला, देव जाणे.

दाजींच्या खोलीत शिरलो तो आद्य मूकपटकारांच्या आवेशातच. डोळे जात आले तरी ते थांबले का? लोक हसले म्हणून त्यांनी वाटाणा अर्ध्यावर सोडला का? हात उंचावून, आवाज चढवून, शाळेत टाळ्या घेणारं सगळं भाषण मी पलंगासमोर केलं.

दाजींनी ते पूर्ण ऐकून घेतलं. "मिशी सुटलेय तुझी," ते म्हणाले. "डावीकडची."

मी मिशी दाबली.

"मी पडायला भीत नाय," दाजी हळू म्हणाले. "पडलो तर पडलो. पण मी पडताना ती पुढं येते. येणारच. मागच्या वेळी तिचं मनगट गेलं. उंबरठ्यावर पडलो तर तिचं डोकं जाईल. माझं धूड केवढं, बघतोस ना? पलंगावर असलो तर निदान ती तरी धड राहील."

मी टोपी काढली आणि पलंगाच्या कडेला बसलो. इतके दिवस आम्ही समजत होतो, की हा माणूस घाबरट झाला, हट्टी झाला.

बोलली ती ताई. दारातून. "माझं मनगट? ते कधीच बरं झालं! शेर-शेर वाल कुणी सोलले? नारळ कुणी खोवले? आणि हा जड पाट, कुंडीसकट, रोज पहाटे उचलून पुढं कोण..."

आणि ती थांबली. मी डोळे मिटले.

दाजी ताईकडं बघत राहिले. तिच्या हाताकडं. मग घड्याळाकडं.

"तीन वाजून गेले," ते म्हणाले. "लेट मार्क लागला. वॉकर आण."

उंबरठ्याशी ताईनं पुढं यायचं नाही, मागंच राहायचं, असं दाजींनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. मी पलीकडून हात पसरून उभा राहिलो. कुंपणावरून भाईजान म्हणाले, "आधी बरा पाय, दोस्त. बरा पाय आधी." बरा पाय गेला. मग सळईचा पाय वर उठला, थरथरला, उंबरठ्याच्या वर थांबला आणि पलीकडं टेकला. दाजी पाटाकडं गेले, वाकले आणि फोटो काढला. मग म्हणाले, "दोन दिवसांत पान केवढं झालं बघ! आपण नसलो तरी काम चालू ठेवतो. कंपनीत असा एक माणूस नव्हता."

त्यानंतर पाट सरकण्याचा विषय कुणी काढला नाही. ताई पहाटे पाट उचलायची. दाजी सकाळी "आज इथं आला का?" म्हणायचे. ताई "केर काढताना" म्हणायची. तिघंही गंभीर चेहऱ्यानं हे नाटक करत राहिलो आणि मला सांगायला हरकत नाही, की माझ्याहून त्या दोघांचा अभिनय सरस निघाला. ओटी झाली, पायऱ्या झाल्या, अंगण झालं. वालाला पांढरी फुलं आली. अखेर पाट फाटकापाशी पोचला, त्या आठवड्यात मला गॅदरिंगांमुळं रोह्याला फिरकता आलं नाही.

शेतांत वालाच्या शेंगा भरल्या, म्हणजे पोपटी आलीच. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, अंडी, बटाटे, ओवा-मीठ भरायचं, मडकं उपडं करून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ लावायचा, आणि तोवर गप्पा मारायच्या. ताईच्या परसात पोपटी ठरली आणि तिथंच आमच्या मूकपटाचा पहिला खेळ. पुण्याहून भाची आली. तिनं दाजींच्या मोबाइलमधले सगळे फोटो घेऊन संगणकावर एकापाठोपाठ जोडले. शाळेतून मी पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र मागून आणलं. दोरीवर ताईची पांढरी चादर लावली. "ही चादर धरून त्यांची बायको उन्हात उभी राहायची," मी म्हणालो. "मी नाय धरणार," ताई म्हणाली. "चिमटे आहेत."

दिवेलागण झाली. जाळ बसला होता. भाईजान घरच्यांना घेऊन आले. मी पूर्ण वेषात चादरीशेजारी उभा राहिलो. पूर्वी मूकपट चालू असताना कुणीतरी बाजूला उभं राहून गोष्ट सांगायचा, ते काम माझ्याशिवाय कोण करणार?

"मायबाप रसिकहो! अंधाऱ्या मातीच्या उदरात निजलेला एक इवलासा..."

"संपला, मामा," भाची म्हणाली.

जवळजवळ दोन महिन्यांची मेहनत, शंभराच्या आसपास फोटो, आणि सिनेमा पंधरा-सोळा सेकंदांचा. माझी पहिली ओळ त्याहून लांब होती. दाजी हसून हसून खुर्चीवरून घसरायला आले.

"परत लाव," मी म्हणालो. "आणि मी काही बोलणार नाही."

परत लावला. या वेळी सगळ्यांनी नीट बघितलं. मधोमध कुंडी, हलत नाही. मातीतून वाल मान काढतो, मान सरळ करतो, दोन पानं पसरतो, चार पसरतो. पण आम्ही फोटो एकेक बघितले होते तेव्हा जे लक्षात आलं नव्हतं, ते आता धावताना दिसलं. वालाच्या मागं घर सरकत होतं. पलंगाचा पाय गेला, कपाट गेलं, दाराची चौकट आली. उंबरठ्यापाशी वालानं एकदम उडी मारली, तिथं ते दोन दिवस गळाले होते. मग ओटी, पायरी, अंगणातला दोरीवरचा टॉवेल.

"चालतोय!" भाईजान ओरडले. "या अल्ला, वाल चालतोय!"

वाल चालत चालत फाटकापर्यंत गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण चित्र संपलं नव्हतं. शेवटचे तीन-चार फोटो फाटकातले नव्हते. कुंडीच्या मागं आता वेगळीच भिंत होती, पाण्याचं पिंप होतं आणि मागच्या दाराच्या पायरीवर ताई बसली होती. मान खाली घालून, परात पुढ्यात घेऊन वाल सोलत. आपला फोटो निघतोय याचा तिला पत्ता नव्हता. पुढच्या फोटोत तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागं सारले होते. त्याच्या पुढच्यात ती स्वतःशीच हसत होती. आणि तिच्या अलीकडं, मधोमध, फुलं आलेला वाल.

चादर पांढरी झाली.

"मी पाट मागच्या दारी नव्हता नेला," ताई सावकाश म्हणाली. "मी फाटकाशी ठेवलेला, संध्याकाळी पण तिथंच होता. भाऊ, तू?"

"मी आठ दिवसांत आलोच नाही."

ताईनं भाचीकडं बघितलं. भाची ओठ चावत यंत्रात काहीतरी शोधत होती. भाईजान कुंपणाकडं बघत होते, जणू तिथं काही नवीन होतं.

फाटकापासून घराला वळसा घालून मागच्या दारापर्यंत किती लाद्या होतात, ते मोजायला तिथं लाद्या नाहीतच, खडबडीत जमीन आहे. आणि तो पाट, कुंडीसकट, एका हातानं उचलत नाही. त्याला दोन हात लागतात. वॉकरलाही दोन हात लागतात.

हे माझ्या डोक्यात जुळायच्या आधी ताईच्या डोक्यात जुळलं. ती उठली आणि दाजींच्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो. पाट मागच्या दारी कुणी आणला?"

दाजींनी पोपटीच्या मडक्याकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं, मग अगदी गरीब चेहरा करून म्हणाले, "केर काढताना सरकला असेल."

ताईनं त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली, जोरात, बऱ्या झालेल्या हातानं. मग तिथंच खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि आम्हा सगळ्यांवर ओरडली, "बघता काय? परत लावा की!"

त्या संध्याकाळी आम्ही तो सिनेमा सतरा वेळा बघितला. शेंगा थोड्या करपल्या. मी एकदाही तोंड उघडलं नाही, फक्त खायला उघडलं.